ज्यू संगीताला आयुष्य द्यायचं तर: इडेलसोन यांच्या वाटेवरून एक उत्तर

प्रश्न असा आला आहे: "मी ठाण्याची, वय २४, गायनात विशारद झाले आहे. आजीमुळे सिनेगॉगमधली गाणी लहानपणापासून कानावर आहेत. ज्यू संगीत रचणं आणि शिकवणं, यालाच वाहून घ्यावं असं मनात आहे. वाचायला बसलं की इडेलसोन हे नाव सारखं समोर येतं. असं आयुष्य प्रत्यक्षात उभं कसं राहतं? सुरुवात कुठून करू? आणि यात पोट भरतं का?"

मी तीस वर्षं इस्रायलमध्ये शाळेत संगीत शिकवलं, गायकवृंद बसवले, मुलांना बार मित्स्वासाठी, म्हणजे तेराव्या वर्षीच्या संस्कारासाठी, तोरा हा धर्मग्रंथ सुरात वाचायला तयार केलं. जन्म ठाण्याचाच, तेव्हा तुला 'तू' म्हणतो, चालवून घे.

पोटाचं आधी सांगतो, कारण घरचे तेच विचारत असतील. भरतं, पण एका ताटात वाढून येत नाही. थोडं शाळेतून, थोडं गायकवृंदातून, थोडं खासगी शिकवणीतून, आणि कधीमधी कुणी चाल बांधायला किंवा जुन्या गाण्याला साथसंगत लिहायला सांगतं त्यातून. ज्यू समाजांचे सूर गोळा करणारे इडेलसोन, त्यांचंही आयुष्य असंच चाललं. हज्जान (सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाऊन चालवणारा), शिक्षक, गायकवृंदाचे मास्तर, बँडमास्तर, ग्रंथकार, प्राध्यापक, सगळं एकाच माणसानं केलं. यातलं एकही काम त्यांनी नाइलाजानं उरकलं असं मला त्यांची पुस्तकं वाचताना वाटत नाही. एका कामातलं दुसऱ्यात उतरत गेलं.

अब्राहम त्स्वी इडेलसोन जन्मले १८८२ साली, बाल्टिक किनाऱ्यावरच्या कुर्लंड भागात. आज तो लॅटव्हिया. वडील शोहेत, म्हणजे धर्मनियमाप्रमाणे जनावर कापणारे, आणि सिनेगॉगमध्ये प्रार्थनाही चालवायचे. म्हणजे नुसाख, प्रार्थनेची परंपरेनं चालत आलेली चाल, घरातच होती. पुढे बर्लिन आणि लाइपझिगला पाश्चात्त्य संगीताचं रीतसर शिक्षण झालं, आणि रेगेन्सबुर्गच्या सिनेगॉगमध्ये हज्जानाची नोकरी मिळाली. जर्मनीत तेव्हा सिनेगॉगमधलं गाणं चर्चच्या थाटाला गेलेलं होतं, ऑर्गन, चार आवाजांचा गायकवृंद, आखीव लय. इडेलसोन यांचं मन त्यात रमलं नाही. लहानपणी ऐकलेलं गाणं इथे कुठे आहे, हा प्रश्न त्यांना सुटेना. १९०५ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला गेले, तिथेही थोडंच टिकले, आणि १९०७च्या सुमारास बायकामुलांसह जेरुसलेमला पोचले.

इथे जरा थांब, कारण त्यांचं पुढचं सगळं जेरुसलेमच्या गल्ल्यांतून आलं आहे. एका शहरात, चालत जाण्याच्या अंतरावर, येमेनचे ज्यू, बगदादचे, इराणचे, बुखाऱ्याचे, हलबचे (अलेप्पोचे), मोरोक्कोचे. प्रत्येकाचं सिनेगॉग वेगळं, हिब्रूचा उच्चार वेगळा, सूर वेगळे. तोरा मात्र तीच, जवळजवळ अक्षर न अक्षर तीच. युरोपात शिकलेल्या २५ वर्षांच्या हज्जानाला शब्बाथच्या सकाळी ह्या गल्लीतून त्या गल्लीत जाताना काय वाटलं असेल, याचा अंदाज मला स्वतःच्या वर्गावरून येतो. माझ्या एका वर्गात मोरोक्कोच्या घरातला मुलगा, येमेनी घरातली मुलगी आणि पेणहून आलेल्या आजोबांचा नातू शेजारी शेजारी बसायचे. तिघांना उत्पत्तीचं पहिलंच वाक्य वाचायला सांगितलं की तीन चाली निघायच्या. तोराच्या छापील पुस्तकात शब्दांच्या वर-खाली बारीक खुणा असतात, त्यांना तआमीम म्हणतात. वाक्य मध्ये जिथे दुभंगतं तिथे एतनाख्ता, शेवटी सोफ पासूक. कुठे थांबायचं ते तिघांच्याही पुस्तकात एकच असतं. पण त्या खुणेवर सूर कोणता लावायचा ते पुस्तकात लिहिलेलं नाही, ते घरातून आणि सिनेगॉगमधून येतं. इडेलसोन यांनी हेच केलं. एकेका खुणेचे वेगवेगळ्या समाजांतले सूर शेजारी शेजारी लिहून तक्ते बनवले. मी त्या तक्त्यांवरून अजूनही शिकवतो.

ते शिकवायचे, गायकवृंद बसवायचे, आणि ऐकायला जायचे. १९१० मध्ये त्यांनी जेरुसलेममध्ये ज्यू संगीताची संस्था काढली. शाळेतल्या मुलांसाठी हिब्रू गाण्यांचं पुस्तक १९१२ साली छापलं. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात आणि पाश्चात्त्य स्वरलिपी डावीकडून उजवीकडे, तर शब्द आणि सूर जुळणार कसे? त्यांच्या त्या काळच्या छापील पानांवर स्वरलिपीच उलटी, उजवीकडून डावीकडे लिहिलेली दिसते. पाटीवर मुलांसमोर लिहून पाहिलेल्या माणसालाच ही अडचण कळते आणि असा तोडगा सुचतो.

१९११ ते १९१३ या काळात विएन्नाच्या अकादमीच्या पाठबळानं त्यांच्या हाती फोनोग्राफ आला. मेणावर आवाज कोरायचा, गाणाऱ्यानं कर्ण्यासमोर तोंड नेऊन गायचं, आणि गाणं फार लांबलं की जागा संपते. येमेनी, इराणी, सीरियाई, बगदादी ज्यूंची गाणी, अगदी नुसते उच्चारसुद्धा, त्यांनी मेणावर घेतले. ते आवाज विएन्नाच्या फोनोग्रामआर्काइव्हमध्ये टिकले आहेत आणि पुढे सीडीवरही आले. ऐक ते. खरखर आहे, पण एक म्हातारा मधेच श्वास घेतो तोही ऐकू येतो. शंभरहून जास्त वर्षांपूर्वीचा श्वास!

या साठ्यातून त्यांचा मुख्य ग्रंथ उभा राहिला, हिब्रू-प्राच्य सुरांचा कोश, दहा खंडांचा. पहिला खंड १९१४ मध्ये, येमेनच्या ज्यूंवर. शेवटचे १९३२ मध्ये. मध्ये महायुद्ध झालं, त्यात ते तुर्की सैन्यात बँडमास्तर होते. मग देश सुटला, समुद्र ओलांडला, तरी कोश चालूच राहिला. येमेन, बगदाद, इराण-बुखारा-दागेस्तान, पूर्वेकडचे सेफार्दी (मूळ स्पेनमधून पांगलेले ज्यू), मोरोक्को, मग जर्मनी, पूर्व युरोप आणि शेवटी हसिदी, म्हणजे पूर्व युरोपातल्या भक्तिपंथी ज्यूंची गाणी. अठरा वर्षं!

आता रचनेकडे येतो. तू गाणारी आहेस, म्हणून हे सुरांत सांगतो. 'हावा नागिला' सगळ्या जगाला माहीत आहे, लग्नात वाजतं, हॉटेलात वाजतं. त्याची मूळ चाल सादिगुराच्या हसिदींची, शब्दांवाचून गायची धून. सादिगुरा म्हणजे बुकोविना, आजच्या युक्रेनमध्ये. इडेलसोन यांनी ती १९१५ मध्ये लिहून घेतली. १९१८ साली जेरुसलेममधल्या एका कार्यक्रमात गायकवृंदासाठी लोकांना उचलता येईल असं गाणं हवं होतं, तेव्हा त्यांनी हीच धून काढली, चार आवाजांत बसवली आणि तिला हिब्रू शब्द दिले. स्तोत्र ११८ मध्ये 'हा दिवस देवानं केला, आपण आनंद करू' अशी ओळ आहे, शब्द त्याच वळणाचे. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी गाणं जेरुसलेमभर झालं होतं.

आता पेटी घे. षड्ज लाव, रिषभ आणि धैवत कोमल ठेव, गंधार आणि मध्यम शुद्ध. सा, सा ग रे सा. मग ग, ग प म ग. मग म, म ध प म. दिसलं? एकच वळण पायरी पायरीनं वर सरकतं, आपण पलटा घोकतो तसंच. पुढे निषादही कोमल. म्हणजे खाली भैरव, वर भैरवी. तुझ्या गुरूंनी तुला बसंत मुखारी राग शिकवला असेल, तर हे सप्तक तुझ्या गळ्यात आधीच आहे. पूर्व युरोपचे ज्यू त्याला आहावा राबा म्हणतात, त्याच नावाच्या प्रार्थनेवरून. अरबी संगीतात याच्या जवळचा मकाम, म्हणजे तिकडचा राग म्हण, हिजाझ.

पण हा बसंत मुखारी नव्हे, आणि यातच इडेलसोन यांचं मोठेपण आहे. त्यांनी ठासून सांगितलं की अशा चालींत नुसतं सप्तक म्हणजे सगळं नव्हे. प्रत्येकीचे ठरलेले छोटे स्वरसमूह असतात, कुठून सुरुवात करायची, मधे कुठे टेकायचं, शेवट कसा करायचा, आणि त्या समूहांनीच ती चाल ओळखू येते. पाश्चात्त्य शिक्षण झालेल्या वाचकाला हे समजावताना त्यांना पानंच्या पानं खर्ची घालावी लागली. तुला एका शब्दात कळेल, रागाचं चलन. त्यांनी १९१३-१४ मध्ये अरबी मकामांवर लिहिलेला निबंधही त्याच दिशेनं आहे. हिंदुस्थानी संगीत शिकलेल्या माणसाला ज्यू संगीतात शिरताना जो फायदा आहे तो हाच. पियानोवरून आलेली मुलं आधी सूर मोजतात, मग वळणं शोधतात. तू वळणं आधी ऐकशील.

'हावा नागिला'ला एक काळी कडाही आहे. शब्द कुणाचे, यावर वाद आहे. तेव्हा त्यांच्या शाळेत असलेला मोशे नाथान्सन, जो पुढे अमेरिकेत हज्जान म्हणून नावारूपाला आला, तो म्हणायचा की मास्तरांनी वर्गाला काम दिलं होतं आणि शब्द मी सुचवले. इडेलसोन यांनी मात्र शब्द माझे असं लिहून ठेवलं आहे. कोण खरं, ते ठरवायला मी बसलेलो नाही. मला खुपतं ते वेगळंच. ती धून ज्या हसिदाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली, त्याचं नाव आज गाणाऱ्या एकालाही ठाऊक नाही. शिक्षक, विद्यार्थी, गाणारा, तिघांची एका गाण्यावर भर पडते, आणि नाव एकाचं राहतं. तू हे काम करणार असशील तर पहिल्या दिवसापासून वहीत नावं लिही.

स्वतःची म्हणून त्यांनी 'यिफ्ताह' ही संगीतिकाही रचली. बायबलमधल्या शास्त्यांच्या पुस्तकातली कथा, सेनापती यिफ्ताह नवस बोलतो आणि त्यात लेक गमावतो. ती १९२२ मध्ये जेरुसलेममध्ये छापली गेली, आणि त्या भूमीत रचलेली पहिली हिब्रू संगीतिका म्हणून तिची नोंद होते. गोळा केलेले सूर तिच्यात विणलेले आहेत. आज ती फारसं कुणी गात नाही. एका कार्यक्रमाच्या निमित्तानं बसवलेली चार ओळींची धून जगभर गेली, आणि मनापासून रचलेलं मोठं काम कपाटात राहिलं. रचनाकार म्हणून याची तयारी ठेव. मला ती संगीतिका अजूनही कधीतरी मंचावर यावी असं फार वाटतं.

१९२१ मध्ये त्यांनी जेरुसलेम सोडलं आणि युरोपातून अमेरिकेला गेले. १९२४ पासून सिनसिनाटीच्या हिब्रू युनियन कॉलेजात. तिथे एदुआर्द बिर्नबाउम या जुन्या हज्जानानं आयुष्यभर जमवलेला सिनेगॉगच्या संगीताचा हस्तलिखित साठा होता, तो त्यांनी लावला, त्याची यादी केली. १९२९ मध्ये ज्यू संगीताचा इतिहास इंग्रजीत आला, तो आजही अभ्यासक्रमात असतो. मग तब्येत ढासळली, पक्षाघाताचे झटके आले, १९३४ मध्ये शिकवणं थांबलं. १९३७ मध्ये जोहान्सबर्गला घरच्या लोकांकडे नेलं, आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले. वय ५६.

त्यांचं सगळं मान्य कर असं मी सांगणार नाही. या सगळ्या समाजांच्या सुरांमागे एकच प्राचीन मूळ आहे, हा त्यांचा सिद्धान्त पुढच्या अभ्यासकांना तितकासा पटला नाही. मलाही पटत नाही. बगदादचे ज्यू बगदादच्या शेजाऱ्यांसारखं गातात, कारण ते शेकडो वर्षं तिथे राहिले. आणि आपण तर पुरावाच आहोत.

आपण म्हणजे कोकणातले बेने इस्रायल, मराठी बोलणारे ज्यू. त्या दहा खंडांत आपला खंड नाही. अलिबाग, पेण, रेवदंडा, मुंबई, ठाणे, पुणे, इथलं गाणं त्या कोशात शोधू नकोस. आपली प्रार्थना कोचीनहून आलेल्या हज्जानांनी आणि बगदादी शेजाऱ्यांनी घडवली. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या लोकांनी कीर्तन उचललं, मराठी कीर्तन, पण आख्यान अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं. साकी, दिंडी, आर्या, ओवी, सगळं आपलंच. बायकांनी ते घराघरांत जपलं. कोणत्या इडेलसोननं ते मेणावर घेतलं? कुणीच नाही. मागच्या काही वर्षांत अभ्यासक त्याकडे वळले आहेत, पण जे गळे १९५०-६० मध्ये जहाजानं इस्रायलला आले, त्यातले बरेच आता नाहीत.

माझीच एक चूक सांगतो. फार वर्षांपूर्वी मी मलिद्याच्या, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याच्या नावानं ताट ठेवून करायच्या आपल्या विधीच्या, वेळचं 'एलियाहू हन्नाबी' मुलांच्या गायकवृंदासाठी चार आवाजांत बसवलं. सुरेख झालं होतं, टाळ्याही पडल्या. कार्यक्रमानंतर आमच्या ओळखीच्या एक मावशी जवळ आल्या. म्हणाल्या, "छान गायली रे पोरं. पण मलिद्याचं ताट पुढे कधी करायचं ते कळलंच नाही." आणि तिथेच, खुर्चीला टेकून, त्यांनी ते गाऊन दाखवलं. एका जागी त्यांनी सूर लांबवला, माझ्या लिहिलेल्या मात्रांत न बसणारा. त्या लांबणीत गोड पोह्यांचं, खोबऱ्याचं, फळांचं ताट पुढे होतं, सगळे हात लावतात, मग गाणं पुढे सरकतं. मी ती लांबण कापून टाकली होती, कारण ताल चुकत होता. त्या रात्री मी पान फाडलं आणि नव्यानं लिहिलं. चार आवाज ठेवले, पण त्या जागी तीन आवाज एका सुरावर नुसते धरून उभे राहतात आणि वरचा आवाज हवा तेवढा वेळ घेतो. आजही मी ते तसंच शिकवतो.

दुसरी वाटही आहे, तीही बघ. योएल एंगेल, १८६८ सालचे, मॉस्कोत संगीतसमीक्षक. ते १९१२ मध्ये आन-स्की या लेखकाच्या लोकसाहित्य गोळा करण्याच्या मोहिमेबरोबर खेड्यापाड्यांतून गाणी गोळा करत फिरले आणि १९२४ मध्ये तेल अवीवला आले. तिथे जेमतेम दोन-अडीच वर्षं मिळाली, पण मुलांसाठी रचलेली त्यांची गाणी, 'नूमी नूमी' ही अंगाई धरून, इथल्या बालवाड्यांत अजून म्हणतात. मोठ्या ग्रंथापेक्षा पाळण्यापाशी राहणारं काम तुला जवळचं वाटलं, तर ते कमी मानू नकोस.

तू मुलगी आहेस म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्या पारंपरिक सिनेगॉगमध्ये तुला हज्जान म्हणून उभं राहता येणार नाही. रिफॉर्म आणि कन्झर्व्हेटिव्ह पंथांत येतं. हिब्रू युनियन कॉलेजनं १९७५ मध्येच पहिल्या स्त्री हज्जानाला दीक्षा दिली, आणि त्यांची हज्जान तयार करणारी शाळा न्यूयॉर्कमध्ये १९४८ पासून चालू आहे. कीर्तन, रचना, शाळा, गायकवृंद, संशोधन इथे तुला कुणी अडवणार नाही. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात ज्यू संगीताचं संशोधन केंद्र आहे. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ध्वनिसंग्रहातलं बरंच काही घरबसल्या ऐकता येतं. संगीतशिक्षक व्हायचं असेल तर तेल अवीवचं लेव्हिन्स्की कॉलेज (आता लेव्हिन्स्की-विंगेट) पाहा.

पण आधी भाषा. हिब्रू लिपी वाचता येणं म्हणजे हिब्रू येणं नव्हे. शब्दाचा आघात कुठे पडतो ते कळल्याशिवाय चाल बांधू नकोस. आघात चुकीच्या अक्षरावर पडला की इथला सात वर्षांचा पोरगाही हसतो, आणि चाल कितीही गोड असली तरी वाया जाते. वर्षभर रोज अर्धा तास मोठ्यानं वाच. त्याच वर्षात तआमीम शीक, एका समाजाचे पक्के, मग दुसऱ्याचे. पाश्चात्त्य स्वरलिपी लिहिता यायलाच हवी, कारण गायकवृंद त्यावरच चालतो. पण भातखंडे लिपीतली तुझी वही सोडू नकोस, लांबण आणि कण तिच्यात बरे उतरतात.

आणि अर्ज, कॉलेज, शिष्यवृत्ती याच्या आधी, येत्या रविवारी एक काम कर. तुझी आजी आहे, तिच्या मैत्रिणी असतील. फोन टेबलावर ठेव, पंखा बंद कर, पेटी काढू नकोस, नाहीतर त्या पेटीच्या सुराला धरून गातील. गाण्याआधी त्यांच्याच तोंडून नाव, गाव आणि 'हे मला कुणी शिकवलं' ते वदवून घे. मधे चूक झाली तरी थांबवू नकोस. एकच गाणं दोघींकडून वेगवेगळं घे, आणि कुठे फरक पडतो ते त्याच रात्री वहीत लिही. दहा गाणी झाली की मला पाठव, त्यातलं कोणतं मुलांना शिकवायचं ते आपण दोघं मिळून ठरवू.